पंधरा हजार, साउंड धरून

१२ जानेवारी, रविवार. सातारा

ही वही खरं तर गाण्यांच्या याद्या करायला घेतली होती. पण आज जे कळलं ते कुठेतरी लिहून काढलं नाही, तर मी कुणाच्या तरी डोक्यात हेडफोन घालेन. आणि हेडफोन साडेचार हजारांचा आहे.

दिग्विजयसरांकडे मी दोन वर्षं डीजे लावते आहे. सिस्टीम त्यांची, टेम्पो त्यांचा, बॅनरवर फोटो माझा. मला एका कामाचे आठशे मिळतात. आज कोरेगावला हळदीत नवरीच्या मामाने बिल टेबलावर ठेवलं आणि ते चहा घ्यायला गेले. साउंड बावीस हजार. त्याच्याखाली वेगळी ओळ होती, ‘लेडी डीजे, सात हजार’. मी ती ओळ तीनदा वाचली. सात हजार! दोन वर्षं दर कामामागे माझे सहा हजार दोनशे कुणाच्या खिशात गेले हे कळायला गणिताची पदवी लागत नाही.

टेम्पोत बसता बसताच विचारलं. सर हसले. म्हणाले, “अगं, लोक तुला बघायला येत्यात, त्याचे हायत ते. बटणं दाबायचे आठशे बरोबरच हायत की.”

मी टेम्पोतून उतरले आणि एसटीने खोलीवर आले. उद्यापासून त्यांच्याकडे जायचं नाही. बटणांचा कंट्रोलर माझा आहे, लॅपटॉप माझा आहे, कान माझे आहेत. बाकीचं भाड्याने मिळतं.

१६ जानेवारी, गुरुवार. घरी

सातारची खोली सोडली. आता वस्तीवर. दहिवडीपासून आठ किलोमीटर, चहूकडे माळ आणि मध्ये आमची चार घरं. आईला वाटलं, मी आजारी पडून आले. नोकरी सोडली म्हटल्यावर तिने माझ्या कपाळावरचा हात काढला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

आबांनी माझी बॅग आत नेऊन ठेवली. आबा म्हणजे तात्याबा. तीस मेंढरं आणि एक ढोल हा त्यांचा संसार, आम्ही त्यानंतर. चाळीस वर्षं बिरोबाच्या यात्रेत गजीच्या नाचाचा ढोल वाजवतात. ढोल गळ्यात घेतला की शंभर-दीडशे गडी पांढऱ्या कपड्यांत, हातात रुमाल घेऊन त्यांच्या ठेक्यावर फिरतात. आमच्या गजी मंडळाचा एक नियम आहे : ढोल देवाचा, त्याला दर लावायचा नाही. कुणी बोलावलं तर नारळ आणि टॉवेल घ्यायचा, बस्स. आमच्या घरात टॉवेलांची एक पेटीच आहे. मी जन्मात टॉवेल विकत घेतलेला नाही.

संध्याकाळी तानाजीदादाचा मुंबईहून फोन. तो तिकडे माथाडीत आहे. म्हणाला, त्याच्या ओळखीच्या कपड्यांच्या दुकानात बिलिंगला मुलगी हवी आहे, सतरा हजार पगार, ये. मी म्हटलं, मला डीजेच लावायचाय. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं : चैत्रातल्या यात्रेपर्यंत मला माझ्या स्वतःच्या दरात दहा कामं मिळाली तर त्याने पुन्हा मुंबईचं नाव काढायचं नाही. नाही मिळाली तर मी गुपचूप गाडीत बसायचं.

दहा म्हणजे काय फार नाही.

२२ जानेवारी, बुधवार

मी महामूर्ख आहे.

आज पहिलं काम होतं, मंगलमावशीच्या मुलीची हळद. मावशी आईची चुलतबहीण. साउंड दहिवडीच्या जयराजकडून भाड्याने घेतला. चार दिवस आधी मावशीने फोनवर विचारलं होतं, “दराचं कसं गं आपे?” आणि माझ्या तोंडून काय निघावं? “तुम्ही द्याल ते, मावशी.” बापाची मुलगी!

गाणी झकास लागली. आजीबाया नाचल्या, नवरीचा बाप नाचला, भटजींनी मान डोलावली. काम संपल्यावर मावशीने मला पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं, पदरात तांदूळ, खण, नारळ घातला आणि वर एक साडी. ओटी भरली माझी! मी आ वासून बसले. मग हळूच म्हटलं, मावशी, जयराजचं भाडं सात हजार, बॉक्स उचलणाऱ्या दोघांचे दोन हजार...

मावशीच्या चेहऱ्यावरचा धक्का माझ्यापेक्षा मोठा होता. “आगं, लेकीला कुनी पैसं देतं व्हय? माहेरवाशीन तू. साडी बाराशाची हाय, बघ तरी.”

जयराजला माझ्या साठवलेल्यातून दिले. आबा सोबत आले होते, मुलगी एकटी कशी जाईल म्हणून. येताना टेम्पोत ते त्या साडीची घडी बघत होते. वस्तीच्या वळणावर फक्त एवढं म्हणाले, “तुजीबी टावेलाचीच गत व्हनार का काय गं?”

साडी पिस्ता रंगाची आहे. मला पिस्ता रंग सहन होत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आज दर काढला. क्रांतीच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून दोघींनी हिशेब मांडला. क्रांती माझ्याबरोबर कॉलेजला होती, तिला माझं मन आणि माझं गणित दोन्ही कळतं. जयराजचा साउंड आणि टेम्पो सात हजार. दोन गडी दोन हजार. माझे सहा हजार, त्यात लॅपटॉपची झीज, गाणी, प्रवास, डोकं सगळं आलं. एकूण पंधरा. क्रांतीने रंगीत कार्ड करून दिलं : ‘डीजे अपेक्षा. पंधरा हजार, साउंड धरून. नातेवाइकांनाही हाच दर.’

शेवटची ओळ माझी. क्रांती म्हणाली, बघ हं. मी म्हटलं, बघितलंय.

कार्ड मोबाईलवर सगळ्यांना पाठवलं. तासाभरात आमच्या भावकीच्या ग्रुपवर सत्तावीस मेसेज. एका चुलत्याने लिहिलं, ‘तात्याबाच्या पोरीनं दुकान टाकलं.’ आई म्हणाली, “आपल्या घरात आजवर कुनी भाव सांगितला न्हवता गं.” आबा कार्ड उलटंसुलटं करून बघत होते. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, “ह्यात तुजं किती?” सहा, म्हटलं. बराच वेळ त्यांनी ते कार्ड खाली ठेवलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

बारा दिवसांत नऊ फोन आले. नऊच्या नऊ जणांनी दर ऐकला आणि ठेवले. मला वाटलं होतं लोक दोन-तीन हजार कमी करायला सांगतील. पण नाही, ते हसतात. आज विट्याहून ऋषिराज नावाच्या माणसाचा आला होता. हे लोक कुठे तिकडे दक्षिणेत सोन्याची गलाई करतात, बहिणीच्या लग्नाला गावी आलेत. म्हणजे पैशाला तोटा नाही. तरी म्हणतो कसा, “पंधरा? पोरगीला? आवं, पाच घ्या आन् हौसेनं वाजवा की.”

हौसेनं! तू गाळतोस का सोनं हौसेनं?

आबा दारात बसून ऐकत होते. विचारलं, “कुठलं व्हतं?” विट्याचं, म्हटलं. “घरात थोरलं मानूस कोन हाय?” मला काय माहीत. नाव तेवढं सांगितलं.

क्रांतीला मी सांगितलं की बहुतेक मी मुंबईला चाललेय. तिने मला झेरॉक्सचा कागद फेकून मारला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऋषिराजचा फोन! म्हणाला, “ताई, ठरलं. पंधराच. तुमच्याच हातात देतो.” परवा पाच म्हणणारा माणूस पंधराला कसा आला? क्रांती म्हणते, दर पक्का ठेवला की गिऱ्हाईक येतंच वळून. असेल बाई. यालाच धंदा म्हणतात.

आबांना सांगायला गेले तर ते घरी नव्हते, काल दुपारपासून विट्याला गेलेत, मेंढरांचं औषध बघायला. इथे दहिवडीत मिळतं ते औषध. पण म्हाताऱ्या माणसाचं डोकं, कुणी सांगावं. आले तेव्हा औषध विसरूनच आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

विट्याचं काम झालं. पहिलं! पंधरा हजार रोख, पाकिटात, दोन्ही हातांनी दिले.

एकच कुरबूर लिहिते. आबा या वेळी ढोल घेऊन आले. कशाला, विचारलं तर म्हणे, “घरात एकटा कशाला ठेवायचा. धा मिन्टं देवाचं नाव घेतो, मग तुजं चालू दे.” मी हो म्हटलं. दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. ऋषिराजचे आजोबा खुर्चीतून उठले, गावातली माणसं गोळा झाली, शिट्ट्या काय, भंडाऱ्याची उधळण काय. माझी सुरुवातीची सगळी गाणी वाया गेली. ऋषिराजने तर आल्या आल्या आधी आबांच्या पायाला हात लावला, त्यांना खुर्ची दिली, मग मला म्हणाला, बसा ना ताई. थोरामोठ्यांना मान देणारं घर आहे, चांगलं वाटलं. पण पुढच्या कामाला आबांना सांगायला पाहिजे की दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

४ मार्च, मंगळवार

चार कामं झाली. चार! प्रत्येक वेळी असंच होतं : दर सांगितला की आधी हसतात, मग दोन दिवसांनी आपण होऊन फोन करतात. आता मी आधीचं हसणं मनावरच घेत नाही.

आबांना या वयात फिरायचं भारी वेड लागलंय. गेल्या आठवड्यात इस्लामपूरला कुणा मित्राला भेटायला. काल मिरजेला, डोळे दाखवायला. आई म्हणाली, डाक्टरनं काय सांगितलं? आबा म्हणाले, बरं हायत डोळं. ना चिठ्ठी, ना थेंब टाकायचं औषध. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग चुलीकडे वळली.

आज दुपारी सांगलीहून एकाचा फोन आला, परवा नाही म्हणाला होता, आता हो म्हणतोय.

१९ मार्च, बुधवार

दर अठरा केला. घाबरत घाबरत केला आणि घडलं काय, पहिल्याच गिऱ्हाइकाने मान्य केला! मला स्वतःचाच हेवा वाटायला लागलाय. सात कामं झाली. दिग्विजयसरांच्या एका ऑपरेटरने विचारलं म्हणे, अपेक्षा काय जादू करते? मी म्हटलं, सांग त्यांना, बटणं दाबते.

आबांचा उजवा खांदा सुजलाय. आता तासभर वाजवतात, थांबवलं तरी लोक थांबू देत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं मन राखतात बिचारे. काल आई खांद्याला तेल चोळत होती. मला बघून म्हणाली, “तू त्यास्नी ढोल नगं आनू म्हन की गं. त्यास्नी तुला सांगाया व्हत न्हाई, म्हून मी सांगते.” मी चिडले. मी कुठे आणायला सांगते? उलट माझा वेळ खातात ते. असं म्हटल्यावर आईने तेलाची वाटी जरा आपटूनच ठेवली. या घरात माझ्या यशाचा आनंद कुणाला आहे की नाही?

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा. पाडव्यापासून देवळापुढे गजीचा सराव सुरू होतो. आबा गेले नाहीत. खांदा दुखतोय म्हणाले. पण परवाच्या कामाला तर तासभर वाजवलं. मंडळाचे भाऊसो दोन वेळा दारावरून गेले, आत आले नाहीत. आबाही उठले नाहीत. भांडण झालं असेल. म्हाताऱ्यांची भांडणं पोरांपेक्षा वाईट.

नऊ झाली. दहावं माधवनगरला, नऊ तारखेला. दादाला फोन करून सांगितलं, दुकानात दुसरी मुलगी बघ.

९ एप्रिल, बुधवार

कसं लिहू कळत नाही. जसं घडलं तसं लिहिते.

आबांना काल ताप आला. त्यांना घरी ठेवून मी एकटीच माधवनगरला गेले. जुन्या गिरणीजवळचं मैदान, दुपारची हळद. भरपूर गर्दी, आणि त्यात म्हातारी माणसं जास्त. मला जरा नवल वाटलं. साउंड लावून होतोय तोवर नवरदेवाचा थोरला भाऊ शंभूराज आला आणि टेम्पोत डोकावला.

“तात्याबा कुठं हायती?”

ताप आहे म्हटलं, मी आहे ना.

त्याचं तोंडच उतरलं. “आन् ढोल?”

ढोल कशाला, म्हटलं, अठरा हजार डीजेचे ठरलेत आपले.

तो बिचारा वाईट माणूस नाही. मला बाजूला घेऊन सावकाश बोलला. “ताई, राग मानू नका. अठरा हजार डीजेला कोन देतंय? इथं आठात दोन मिळत्यात. तात्याबा सोता आलते आमच्याकडं. म्हनले, पोरीचा दर पाडू नगा, तिनं सांगितल्यालं तिच्याच हातात द्या, मी तासभर ढोल वाजवतो. मला नारळबी नगं. आमच्या आज्ज्याला गजीचा लय नाद. ही समदी मानसं त्येच्यासाठी आल्याती.”

कुणी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

तरी मी वाजवलं. कसं वाजवलं मला आठवत नाही. म्हातारी माणसं अर्ध्या तासात उठून गेली. शंभूराजने नऊ हजार दिले, जयराजचं आणि गड्यांचं भागेल एवढे. मला तोंड वर करून भांडायचंही धैर्य झालं नाही.

येताना टेम्पोत सगळं एकेक करून डोळ्यांपुढे आलं. विट्याचं औषध. मिरजेचे डोळे. इस्लामपूरचा मित्र. पायाला हात लावणारा ऋषिराज. मी एवढी आंधळी? नऊ कामं! नऊ कामांत लोक ढोल ऐकायला येत होते आणि मी त्या ढोलावर फुकट मिळत होते, भाजीवर कोथिंबीर मिळते तशी. आणि मी या वहीत लिहून ठेवलंय की आबा माझा वेळ खातात.

ते तापाने पडलेत. त्यांना काय बोलू? पण राग आलाय, भयंकर राग आलाय.

१३ एप्रिल, रविवार. यात्रा

चार दिवस मी आबांशी बोलले नाही. त्यांना कळलं असावं, शंभूराजने फोन केला असेल. तेही बोलले नाहीत.

आज यात्रा. दादा पहाटेच्या गाडीने आला, माझ्यासाठी पेढे घेऊन. मी पेढा हातात धरून बसले. आबांनी पांढरं धोतर नेसलं, पटका बांधला, आणि ढोल न घेता चालायला लागले. मला वाटलं ढोल आधीच देवळात गेला असेल.

देवळापुढे गजी उभी राहिली. मधोमध भाऊसोंचा मुलगा ढोल घेऊन उभा. आबा गर्दीत, बायकांच्या मागे, एका दगडावर बसले होते. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरत होती आणि मध्येच थांबत होती. चाळीस वर्षांत आबा कडेला बसलेले कुणी बघितले नव्हते. लोक वळून वळून बघत होते.

मी तशीच भाऊसोंकडे गेले आणि विचारलं, का काढलंत माझ्या बापाला? नियम मोडला म्हणून? एक पैसा घेतला नाही त्यांनी.

भाऊसो माझ्याकडे बघतच राहिले. “कुनी काढलं? आगं, आमी हाता-पाया पडलो त्याच्या. पाडव्याच्या आदीच येऊन ढोल देवळात ठिवून गेला त्यो. म्हनला, भाऊसो, माजा ढोल बाजारात गेला. पैसं मी घेतलं न्हाईत खरं, पन दर लागला त्येला. आता ह्यो गळ्यात घालून देवापुढं उभा ऱ्हायाचं तोंड न्हाई मला.”

मी विचारलं, मग त्यानंतरच्या कामांना कुठला ढोल आणत होते?

“त्यो वेगळा. सांगोल्यावरनं इकत आनला. म्हनला, हितनं फुडं ह्यो बाजाराचा.”

विकत! माझ्या बापाने ढोल विकत आणला आणि मला दोन ढोलांतला फरक कळला नाही. मी डीजे. माझे कान.

गर्दीतून मी त्यांच्याजवळ गेले. लोकांदेखतच बोलले, रडत आणि ओरडत. तुम्ही मला विचारलं का? माझा दर खोटा केलात तुम्ही. दहा कामं म्हणून मी नाचत होते, त्यातलं एकही माझं नव्हतं!

आबा दगडावरून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, “पोरी, चाळीस वरीस मी नारळावर वाजवलं. देवाचं व्हतं म्हून दुक न्हाई वाटलं. पन मंगलीनं तुजी वटी भरून तुला वाटंला लावलं तवा मला ते बघवलं न्हाई. तुजं काय देवाचं न्हाई. तुजं पोटाचं हाय. त्येला दर लागाया पायजे व्हता, म्हून लावला.”

“आणि तुमचा ढोल गेला त्याचं काय?”

“गेला तर गेला. माजी चाळीस वरसं झाली वाजवून. तुजं अजून चालूबी झालं न्हाई.”

मी त्यांच्या शेजारी त्याच दगडावर बसले. आमच्यापुढे गजी फिरत होती, आणि आम्ही दोघं बापलेक कडेला.

१४ एप्रिल, सोमवार

दादाला सगळं सांगितलं. माझी कामं दहा नाहीत, शून्य आहेत. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे, मग पेढ्यांच्या खोक्याकडे. “शून्य?” म्हणाला, “मग चल आता, ठरल्यापरमानं.”

मी म्हटलं, मे संपेपर्यंत थांब. एक काम तरी माझ्या एकटीच्या दराने मिळू दे. एकही नाही मिळालं तर मी बिलिंगला बसेन आणि पुन्हा कंट्रोलरचं नाव काढणार नाही. आईला वाटलं तो नाही म्हणेल. तो बाहेर जाऊन मेंढरांत उभा राहिला, आणि आल्यावर म्हणाला, “मे.”

पुढच्या चार बुकिंगना फोन केले. आबा येणार नाहीत, ढोल नाही, मी एकटी, दर पंधरा. तिघांनी तिथेच रद्द केलं. एक जण तर म्हणाला, मग तुमचं काय काम? चौथा फोन विजयमालाकाकूंना. सातारजवळ त्यांचा ऊस आहे, आणि नवरा, हंबीरराव, फौजेत सुभेदार. तीस तारखेला रिटायर होऊन चार मेला गावात येणार, त्याची मिरवणूक. काकू म्हणाल्या, “फोनवर न्हाई कळत. घरी ये.”

१८ एप्रिल, शुक्रवार

गेले. काकू ओसरीवर कारखान्याच्या पावत्या घेऊन बसल्या होत्या. बावीस वर्षं नवरा सीमेवर आणि शेती यांच्या एकटीच्या हातात. म्हणाल्या, “पंधरा कशाचं? एकेक सांग.”

साउंड आणि टेम्पो सात. दोन गडी दोन. माझे सहा.

“सहात काय काय करतीस?”

मी सांगायला लागले. साहेब कुठल्या रेजिमेंटला होते, गावात कुठली माणसं येणार, म्हाताऱ्यांना काय आवडतं, बायकांना काय, कुठल्या चौकात थांबायचं, त्याप्रमाणे चार दिवस बसून गाणी काढते. मिरवणुकीत कुणी दारू पिऊन नाचायला लागला तर त्याला शांत कसं करायचं तेही गाण्यातच करते. हे मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “चार दीस बसून काडतीस, आन् सहा घेतीस? आमचा ऊस तोडनाराबी दिसाचं वेगळं मागतो.” त्या पुढे बोलल्या, “ढोल न्हाई म्हनल्यावर आमची मानसं तोंडं वाकडी करत्याल, ते खरं हाय. करूं देत. पंधरा ठरलं.”

मी पायऱ्या उतरल्यावर रस्त्यातच खाली बसले. दर पहिल्या दिवसापासून बरोबर होता! क्रांतीच्या दुकानात काढलेला, तोच. फक्त तो ऐकून घ्यायला कुणीतरी बसायला पाहिजे होतं.

४ मे, रविवार

आबांना सांगितलं होतं, येऊ नका, लोक ढोल मागतील. ऐकतील तर आबा कसले. जयराजशेजारी टेम्पोत आधीच बसून होते, हात मोकळे. “फौजीच्या गावात मला कोन वळखतंय?” म्हणाले.

चार वाजता हंबीरराव उघड्या जीपमध्ये उभे राहिले. ताठ, मेडल लावलेले, आणि डोळे आधीच लाल. मी पहिलं गाणं लावलं. कुणी नाचेना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. एक जण मुद्दाम मला ऐकू येईल असं म्हणाला, ढोल पायजे व्हता. मी गाणं बदललं, संथ घेतलं, मग हळूहळू ठेका वर नेला.

तेवढ्यात जीपच्या पुढे कुणीतरी शिरलं. पटका, धोतर, हातात दोन रुमाल. मला आधी कळलंच नाही कोण आहे. आबा! आबा नाचत होते. मी जन्मात त्यांना नाचताना बघितलं नव्हतं, ढोल गळ्यात असणारा माणूस नाचणार कसा? पाय असे टाकत होते की एकही ठेका चुकेना, वळताना रुमाल असा उडायचा की पोरं ओरडायची. साठी उलटलेला माणूस! मी बघतच राहिले, आवाजाची पट्टी, फेडर, तशीच धरून. आधी फौजीचे दोन मित्र शिरले, मग पोरं, मग बायका, आणि मग खुद्द हंबीरराव जीपमधून खाली उतरले. मिरवणूक दोन तास एका जागेवर थांबली. मी त्यांच्या पायांकडे बघून गाणी लावत होते.

संपल्यावर विजयमालाकाकूंनी पंधरा हजार माझ्या हातात दिले. मग आबांकडे वळल्या. “आन् ह्यास्नी काय द्यायचं?”

आबांचा श्वास अजून खाली बसला नव्हता. म्हणाले, “आवं, मला कशाचं? मी नाचलो. नाचनाऱ्यानं वाजवनाऱ्याला द्यायचं आस्तं.”

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी घातलेली शंभराची नोट काढली, माझ्यावरून तीनदा ओवाळली आणि कंट्रोलरवर ठेवली. नोट घामाने ओली होती.

मी ती घेतली. दरात धरलेली नाही.